जमेच्या बाजूचा मृत्यू : ऑक्सिंडेन घराण्याच्या संहिता आणि मराठी वाचन

१

सतराव्या शतकातील इंग्रज वखारींच्या कागदपत्रांशी मराठी अभ्यासाचा संबंध जुना आहे. परंतु तो मुख्यतः साध्य आणि साधन यांचा संबंध राहिला. शिवचरित्र हे साध्य, आणि सुरत, राजापूर, मुंबई येथील पत्रव्यवहार हे त्याचे साधन. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३० मध्ये 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' आणि १९३१ मध्ये 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' प्रसिद्ध केले, तेव्हा हा संबंध पक्का झाला. या संग्रहांचे ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि 'सार' या शब्दातच एक वाङ्मयीन निर्णय दडलेला आहे. साराला आशय असतो, शैली नसते. त्याला तारीख असते, पण लिहिणाऱ्याचा स्वर नसतो. पत्रातून शिवाजी महाराजांसंबंधीचा मजकूर वेगळा काढला, की उरलेले पत्र म्हणजे कापडाचे भाव, जहाजांच्या तारखा, आप्तांची विचारपूस आणि वरिष्ठांविरुद्धची कुरबूर. हा उरलेला भाग फोलपटासारखा बाजूला पडतो. पण लेखकाला घडविणारे जग नेमके त्या फोलपटातच असते.

ऑक्सिंडेन घराणे हे याचे ठळक उदाहरण होय. मराठी वाचकाला हे नाव एका दिवसापुरते ठाऊक आहे : ६ जून १६७४, रायगडावरील राज्याभिषेक, आणि त्या प्रसंगी हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडेन. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर हे नाव कोठे होते, ते कोणत्या भाषेत वाढले, कोणत्या गरजेतून भारतात आले, हे प्रश्न साधनग्रंथाला पडत नाहीत. समीक्षेला मात्र ते पडले पाहिजेत. कारण साक्षीदाराच्या भाषेची जडणघडण समजल्याशिवाय त्याच्या साक्षीचा अर्थ लागत नाही.

२

ऑक्सिंडेन हे मूळचे व्यापारी नव्हेत. इंग्लंडच्या केंट परगण्यात विंगहॅमजवळ डीन येथे त्यांची जमीन होती. सर जेम्स ऑक्सिंडेन हा तेथील जमीनदार सरदार. इंग्रजी वारसापद्धतीत इस्टेट अखंड राहते ती थोरल्या मुलासाठी. धाकट्यांना नाव मिळते, जमीन मिळत नाही. अशा धाकट्यांपुढे धर्मोपदेशकाचा झगा, वकिली, सैन्य किंवा व्यापार एवढेच मार्ग असत. जेम्सच्या धाकट्या मुलांपैकी जॉर्ज (जन्म १६२०) आणि क्रिस्टोफर यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा मार्ग धरला. जॉर्ज १६३२ च्या सुमारास, म्हणजे कोवळ्या वयातच, भारतात आला.

पुढील चाळीस-पन्नास वर्षांत या घराण्याचे दैव अनेकदा फिरले. १६५९ मध्ये क्रिस्टोफर सुरतेत वारला. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने जॉर्जला सरदारकी दिली आणि पुढच्या वर्षी तो सुरतेचा प्रेसिडेंट झाला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्याने वखार लढवून राखली. कंपनीने त्याचा सुवर्णपदक देऊन गौरव केला. १६६८ मध्ये राजाकडून कंपनीकडे आलेल्या मुंबई बेटाचा कारभारही त्याच्याकडे आला, आणि १४ जुलै १६६९ रोजी तोही सुरतेतच मरण पावला. १६७० मध्ये सुरतेवर दुसरी स्वारी झाली, तेव्हा वखारीचा बचाव केला तो त्याचा भाचा स्ट्रेनशॅम मास्टर याने. तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १६८१ मध्ये पदावरून दूरही झाला. रायगडावर गेलेला हेन्री हा जॉर्जचा पुतण्या. तो मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर झाला. हेन्रीच्या वडिलांना, म्हणजे जमीन सांभाळून इंग्लंडमध्येच राहिलेल्या थोरल्या भावाला, १६७८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, आणि कालांतराने तो किताब याच हेन्रीकडे आला.

जमीन, व्यापार आणि पुन्हा जमीन असे हे वर्तुळ आहे. अर्थात व्यापार हा या घराण्याच्या दृष्टीने मुक्काम नव्हता. तो गमावलेल्या प्रतिष्ठेकडे परतण्याचा लांबचा रस्ता होता. हे ध्यानी घेतले, की त्याच्या संहितांमधील एक ताण उलगडू लागतो. तेथे दोन भाषा शेजारी नांदतात : एक वहीची, दुसरी वंशावळीची. घराण्याच्या चढउतारांचा इतिहास म्हणजे या दोन भाषांमधील सत्तापालटाचा इतिहास होय.

३

हा सत्तापालट सर्वांत स्वच्छ दिसतो तो सुरतेच्या इंग्रज दफनभूमीतील दोन मृत्युलेखांत. दोन्ही लॅटिनमध्ये आहेत, दोहोंत अंतर केवळ दहा वर्षांचे आहे, आणि दोन्ही इंग्लंडच्या दफनभूमीत विसंगत वाटेल अशा, मुसलमानी धाटणीच्या घुमटाकार वास्तूंत आहेत.

क्रिस्टोफरचा मृत्युलेख हा एक सलग रूपक आहे. मृताने येथे आपला व्यवहार आणि आयुष्य एकाच वेळी आटोपते घेतले. त्याच्या हिशेबात दिवस मांडता आले, वर्षे मांडता आली नाहीत, कारण मृत्यूने अवचित झाडा मागितला. मग लेख कंपनीच्या धन्यांकडे वळून नफातोट्याची पृच्छा करतो. त्यांचा चाकर गेला, सहकाऱ्यांचा सोबती गेला, मृताचे आयुष्य गेले. परंतु पानाच्या दुसऱ्या बाजूला त्याला मरण हा लाभ म्हणून लिहिता येईल. शेवटचा हा विचार सेंट पॉलच्या पत्रातून आलेला आहे. ख्रिस्ती परंपरेत 'लाभ' हा शब्द आध्यात्मिक अर्थाने रुळून गेला होता. येथे तो पुन्हा वखारीत आणून, दुहेरी नोंदीच्या उजव्या रकान्यात ठेवला आहे.

हे रूपक केवळ चमत्कृती नव्हे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी गद्यात मृत्यू आणि स्मारक हा चिंतनाचा विषय झाला होता. टॉमस ब्राऊनचा अस्थिकलशांवरील प्रबंध १६५८ चा, म्हणजे क्रिस्टोफरच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा. आणि हा संबंध केवळ काळाचा नाही : १६६४ च्या सुरतेच्या लुटीचे वर्णन वखारीतील धर्मोपदेशक एस्कॅलियट याने पत्राने कळविले, ते या ब्राऊनलाच. वखार हे निव्वळ कापूस आणि कापड यांचे कोठार होते, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

या मृत्युलेखात जे लिहिले आहे त्याइतकेच जे गाळले आहे तेही महत्त्वाचे. तीन खाती उघडली आहेत : धन्यांचे, सोबत्यांचे आणि मृताचे. चौथे खाते मात्र नाही. कंपनीचे नोकर अल्प वेतनावर काम करीत आणि सर्रास खासगी व्यापार करीत. ऑक्सिंडेनसारख्या घराण्यांना परतीचा रस्ता दाखविणारी मिळकत त्या खासगी व्यापारातूनच होत असे. कंपनीच्या आणि नोकराच्या हितसंबंधांतील ही फट त्या काळच्या पत्रव्यवहारात सतत धुमसत असते. मृत्युलेखाचे रूपक मात्र ती बुजवते. जमाखर्चाच्या काटेकोरपणाचा आव आणणारी ही संहिता प्रत्यक्षात अपुरी वही आहे, आणि तिचे सौंदर्य या अपुरेपणावर उभे आहे.

दहा वर्षांनंतर जॉर्जच्या थडग्यावर ही भाषा उरत नाही. तेथे सरदार पित्याचे नाव, केंटचा उल्लेख, स्वतःची सरदारकी, भारत, इराण व अरबस्तान येथील इंग्रजांचे अध्यक्षपद आणि मुंबई बेटाचे गव्हर्नरपद यांची मालिका येते. दोघा भावांच्या बंधुप्रेमाचा गौरव येतो. जीवनात एकत्र असलेले मरणातही शक्य तितके एकत्र आले, असा आशय येतो. पण नफातोटा येत नाही. वही मिटली आणि वंशावळ उघडली. घराण्याचे दैव पालटल्याचा याहून स्पष्ट पुरावा हिशेबाच्या कागदात सापडणार नाही. व्यापारावर ज्याने प्रतिष्ठा मिळविली त्याच्या स्मारकाला व्यापाराची भाषा परवडत नाही.

याच काळात मराठी प्रदेशात एक व्यापारी घराणे याच प्रश्नाला सामोरे गेले होते. देहूचे तुकारामांचे घराणे वाण्याचे. पेठेची महाजनकी त्याच्याकडे होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात ते घराणे कोसळले. तोच दुष्काळ गुजरात आणि खानदेश यांवरही पसरला होता, आणि जॉर्ज ऑक्सिंडेन भारतात आला तो त्या दुष्काळाच्या अखेरीस. परंपरा सांगते, की तुकाराम आणि कान्होबा या दोघा भावांनी कर्जखतांची वाटणी केली आणि तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. सुरतेतही दोन भाऊ आहेत, देहूतही दोन भाऊ आहेत. सुरतेच्या मृत्युलेखात परमार्थ वहीत उतरविला जातो. देहूच्या परंपरेत वही परमार्थात बुडविली जाते. येथे श्रेष्ठकनिष्ठता ठरविण्याचे कारण नाही. तुकारामांच्या अभंगांतही वाण्याची परिभाषा विपुल आहे, आणि भांडवल, उधार, बाकी या शब्दांवाचून त्यांच्या भक्तीला बोलता येत नाही. फरक आहे तो खत राखण्याच्या आणि खत सोडण्याच्या वृत्तीत. एका घराण्याची स्मृती दगडावर आणि कागदावर उरली. दुसऱ्याची, कागद बुडाल्याच्या कथेसह, लोकांच्या कंठात उरली.

४

हेन्रीची रायगडाची हकिकत या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. ती सामान्यतः प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून वाचली जाते, आणि तशी ती मोलाची आहेच. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली राजचिन्हे तो नोंदवितो : उजवीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्णमत्स्यमुखे, डावीकडे अश्वपुच्छे, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकाला समतोल असलेली सोन्याची तराजू. मत्स्यमुखे आणि अश्वपुच्छे ही त्याच्या लेखी मुसलमानी रिवाजाची सत्ताचिन्हे आहेत, एवढ्यावर तो थांबतो. तराजूचा अर्थ मात्र तो आपणहून सांगतो : न्यायाचे चिन्ह. युरोपीय चित्रपरंपरेत न्यायदेवतेच्या हाती तराजू असते, हे या तत्परतेचे एक कारण. दुसरे कारण वखारीतले. तराजू हे त्या संपूर्ण देखाव्यातील एकमेव चिन्ह असे आहे, की जे वकिलाच्या रोजच्या हाताळणीतले आहे. तो जे ओळखतो तेच वाचतो. उरलेले केवळ पाहतो.

हेच त्याच्या विस्मयाविषयी म्हणता येते. राजवाड्याच्या दाराशी दोन हत्ती आणि उंची सरंजाम चढविलेले दोन पांढरे घोडे त्याला दिसतात. त्याला आश्चर्य वाटते ते त्यांच्या वैभवाचे नव्हे. एवढ्या बिकट वाटेने हे प्राणी वर आणले कसे, याचे. स्टीफन ग्रीनब्लाट यांनी १९९१ मध्ये नव्या जगातील युरोपीय प्रवासवृत्तांच्या संदर्भात विस्मय हे ताबा मिळविण्याच्या प्रक्रियेचे पहिले पाऊल मानले. रायगडावरील विस्मय त्या जातीचा नाही. तो वाहतुकीचा विस्मय आहे. माल नेण्याआणण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचा.

सभासदाने १६९७ मध्ये हाच सोहळा लिहिला. तोही मोजतो : बत्तीस मणांचे सिंहासन, एक कोटी बेचाळीस लाख होन खर्च. अद्भुताच्या आहारी गेलेला बखरकार आणि वस्तुनिष्ठ युरोपीय साक्षीदार अशी जी विभागणी राजवाड्यांच्या बखरीवरील अविश्वासापासून मराठी इतिहासविचारात रुजली, ती येथे डळमळते. संख्या दोन्हीकडे आहेत, पण त्यांचे व्याकरण निराळे आहे. बखरीतील संख्या थोरवीचे विशेषण असते. वखारीतील संख्या पुढील व्यवहाराचे क्रियापद असते. हेन्री आहेराची हिऱ्याची अंगठी नोंदवितो ती राजाचे वैभव सांगण्यासाठी नव्हे, तर कराराच्या खर्चाची बाब म्हणून. १६६१ मध्ये लुटल्या गेलेल्या राजापूरच्या वखारीची भरपाई, व्यापाराच्या सवलती, इंग्रजी नाण्यांचे चलन, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा हक्क हे त्याच्या भेटीचे खरे विषय. राज्याभिषेक हा त्या वाटाघाटींच्या आड आलेला, आणि म्हणूनच नोंदला गेलेला, प्रसंग होय. एकाला वस्तुनिष्ठ आणि दुसऱ्याला काल्पनिक म्हणण्याऐवजी दोन्ही संहितांचा हेतू आणि हिशेब वेगळा आहे, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील 'ओरिएंटलिझम'नंतर अशा संहितांवर वसाहतवादी दृष्टीचा शिक्का मारणे सोपे झाले. त्या विवेचनाचे महत्त्व वादातीत असले, तरी त्याचा यांत्रिक वापर येथे फसतो. १६७४ मध्ये हेन्री ऑक्सिंडेन हा सत्ताधारी नव्हता; अर्जदार होता. राजाच्या सोयीने भेट मिळेपर्यंत तो थांबला, आणि त्याची काही कलमे मान्य झाली, काही झाली नाहीत. नाण्यांच्या आणि फुटक्या जहाजांच्या कलमांवर त्याला हवे ते मिळाले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सत्ता त्याच्या वाक्यांत आधीच शोधणे म्हणजे शेवट माहीत असलेल्या वाचकाने पात्राला शहाणपण बहाल करणे होय. त्याच्या गद्यात गर्व नाही असे नाही. पण तो साम्राज्याचा गर्व नाही. तो डीनच्या जमीनदाराचा, दुसऱ्या एका दरबारात आपली पायरी शोधणारा गर्व आहे.

५

या संहितांचे भौगोलिक केंद्र सुरत, मुंबई आणि रायगड असे धरले जाते. परंतु त्यांना मजकूर पुरविणारा प्रदेश आतला आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातून जात असे. जॉर्ज ऑक्सिंडेन प्रेसिडेंट असतानाच्या काळात नंदुरबारला इंग्रजांची वखार होती. १६७४ मध्ये धरणगावला वखार निघाली, आणि रायगडाच्या तहाला वर्ष उलटण्याच्या आत मराठ्यांच्या स्वारीत ती लुटलीही गेली. तहाची भाषा आणि खोऱ्यातील वास्तव यांतील हे अंतर पुढील अनेक पत्रांचा विषय झाले. म्हणजे भरपाईची मागणी ही ऑक्सिंडेन-संहितांची जणू कायमची विभक्ती आहे : राजापूरसाठी, आणि राजापूरची मिटते न मिटते तोच धरणगावसाठी.

याच तापीच्या काठी, शहादा तालुक्यात, सारंगखेडा आहे. ऑक्सिंडेन बंधूंची थडगी आणि हे गाव एकाच नदीवर आहेत. एक मुखाजवळ, दुसरे वरच्या अंगाला. दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा तेथील घोडेबाजार आजही दूरदूरच्या सौदागरांना खेचून आणतो. तथापि ज्यांच्यामुळे हे खोरे बाजारपेठ बनले त्या विणकरांची, गाडीवानांची, दलालांची आणि जनावरांच्या व्यापाऱ्यांची घराणी या संहितांत घराणी म्हणून कोठेच येत नाहीत. ती येतात ती भावाच्या, विलंबाच्या आणि तक्रारीच्या रूपाने. घराणे म्हणून उभे राहण्याचा अधिकार या कागदांत फक्त कागद लिहिणाऱ्याला आहे.

याचे कारण केवळ पूर्वग्रहात शोधणे पुरेसे नाही. ते व्यवहाराच्या रीतीत आहे. जनावरांच्या बाजारातील जुनी रीत अशी, की दोघे हात मिळवितात, वर रुमाल वा उपरण्याचे टोक पडते आणि भाव बोटांनी ठरतो. शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळत नाही. तो सौदा पक्का असतो, पण त्याची संहिता होत नाही. गुप्तता हीच त्याची खातरी असते. कंपनीची रीत याच्या उलट. तिचे धनी हजारो मैलांवर होते, जहाज बुडण्याची धास्ती होती, म्हणून प्रत्येक पत्राच्या नकला करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठविल्या जात. अंतरामुळे अविश्वास आला, अविश्वासामुळे नकला आल्या, आणि नकलांमुळे ते कागद टिकले. एतद्देशीय व्यापारी लिहीत नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या होत्या. सुरतेचा वीरजी व्होरा तर इंग्रज वखारीलाच कर्ज देत असे. पण त्याची वही त्याच्या घरासाठी होती. तिची दुसरी प्रत समुद्रापार जाण्याची गरज नव्हती. त्याच्याविषयी जे कळते ते बव्हंशी त्याच्या ऋणकोंच्या कागदांतून. ऋणकोने सांगितलेली धनकोची कथा, असे या इतिहासाचे एक विलक्षण रूप आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. साधनाला संहिता म्हटले, रूपके आणि गाळलेल्या जागा दाखविल्या, की वस्तुस्थिती विरघळते आणि सर्वच कथन सारखे ठरते, असे इतिहासकार म्हणतील. आणि ही भीती निराधार नाही. नवइतिहासवादाच्या काही अनुयायांनी एखादा लक्षवेधी किस्सा घेऊन त्यावर संपूर्ण संस्कृतीचा अर्थ तोलून धरला आहे. परंतु वरील वाचनात सोन्याची तराजू खोटी ठरत नाही. ती का नोंदली गेली आणि इतर काय नोंदले गेले नाही, एवढेच विचारले जाते. वही खोटी नसते. ती कोणाची आहे हे पाहावे लागते. जॉर्जच्या पदांच्या मालिकेवरून क्रिस्टोफरची वही पुसली गेली, हे कळल्याने त्या पदांची सत्यता कमी होत नाही. त्यांची किंमत मात्र कळते.

मराठी समीक्षेपुढे म्हणून दोन कामे उभी राहतात. पहिले, पत्रसारांच्या मागे जाऊन पूर्ण पत्रे वाचणे आणि त्यांच्या शैलीला अभ्यासाचा विषय करणे. देशीवादाच्या चर्चेत परकीय संहितेकडे एकतर पुरावा किंवा आक्रमण म्हणून पाहिले गेले, तिसरी वाट फारशी चोखाळली गेली नाही. दुसरे काम अधिक अवघड आहे. तापीखोऱ्यातील ज्या घराण्यांची वही टिकली नाही त्यांची स्मृती अहिराणीच्या गाण्यांत, यात्रेच्या आख्यायिकांत, बाजाराच्या बोलीत आणि वंशपरंपरेच्या सांगण्यात कोठे कशी साठली आहे, याचा शोध त्याच काटेकोरपणे घेतला पाहिजे. नंदुरबार, शहादा, जळगाव येथील महाविद्यालयांत वाङ्मय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम जितके जवळचे आहे तितके ते पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांना नाही. ऑक्सिंडेनांच्या थडग्यावरील रकान्याची दुसरी बाजू तेथे, सारंगखेड्यासारख्या गावांच्या बोलण्यात, अद्याप वाचली जायची आहे.